शेवटचीचा मान

"मागे बघा. शेवटची दिसत नसेल तर थांबा. आणि धावताना तोंड मिटा, वर पोचल्यावर बोलायला काहीतरी उरू दे."

कवायतीच्या बाईंचा हा आवाज आमच्या मंडळातल्या प्रत्येकीच्या कानात आहे. तेहतीस वर्षं शाळेच्या मैदानावर वापरलेला आवाज तो, त्याला माइक लागत नाही.

धावावं की धावू नये, याबद्दल जगात मतभेद असू शकतात. धावण्याची तयारी करावी, याबद्दल मात्र आजवर कोणाचं दुमत झाल्याचं ऐकिवात नाही. आमचं डोंगरवाट महिला धाव मंडळ याच निर्विवाद पायावर उभं आहे. 'उभं आहे' हे शब्द मी विचार करून वापरले आहेत.

मंडळाचं इतिवृत्त लिहायचं काम माझ्याकडे आहे. मी एका कचेरीत आवक-जावक टेबलावर बसते. कागद कुठून आला आणि कुठे गेला, एवढंच तिथे नोंदवायचं असतं. मधल्या काळात त्याचं काय झालं, हे विचारायचं नसतं. या अनुभवावर मला हे काम मिळालं. दुसरं कारण म्हणजे माझं मौन. पहाटे उठून प्रार्थना आणि मग सातपर्यंत एक शब्द नाही, असा माझा अठरा वर्षांचा नेम आहे. मंडळाची बैठक दर रविवारी सकाळी सहाला, डोंगराच्या पायथ्याशी, गाड्या लावायच्या जागेत भरते. तिथे हात वर करून मत घेत नाहीत, "कोणाची हरकत?" असं विचारतात. तिथे आजवर एकोणतीस ठराव एकमताने मंजूर झालेत, आणि त्या एकमतात मी दर वेळी आहे.

मंडळ स्थापन झालं तेव्हा आम्ही चौघी होतो: बाई, मी, माझी धाकटी जाऊ आणि एक दंतवैद्य. तेव्हा मंडळाला नावही नव्हतं. रविवारी सकाळी पायथ्याला जमायचं, तीन किलोमीटरची पायवाट धापा टाकत चढायची, माथ्यावरच्या पाण्याच्या टाकीला हात लावायचा आणि उतरायचं. शेवटी असेल तिने खांद्यावर लाल टॉवेल टाकायचा, म्हणजे पुढच्यांना झाडीतून ती दिसते. शेवटी नेहमी बाईच असत. तिघींमध्ये कोणी दमली की बाई तिच्यापेक्षा जास्त दमायच्या. त्या खरंच दमतात की काय, हे आम्ही कधी विचारलं नाही.

ही व्यवस्था किती प्राथमिक होती, ते आता कळतं. ना अध्यक्ष, ना नियमावली, ना समाजमाध्यमांवर पान. नुसतं धावणं.

मंडळाची आजची स्थिती पुढीलप्रमाणे आहे. एकूण सभासद एकशे शहाऐंशी. डोंगरवाटेचे खास बूट असलेल्या एकशे एकाहत्तर. त्या बुटांना माती लागलेल्या नऊ (पैकी चौघींच्या बुटांना घरच्या कुंड्यांची). पाठीवर घ्यायच्या नळीच्या पाण्याच्या पिशव्या एकशे बारा. मोबाइलवरच्या गटात वर्षभरात आलेले संदेश एकेचाळीस हजार, पैकी धावण्याविषयी तीनशे सहा, पैकी "आज येत नाही" असे दोनशे नव्वद. वर्षभरात मंडळाने सलग धावलेलं सर्वांत मोठं अंतर चारशे मीटर. ते एका रविवारी कुत्रं मागे लागल्यामुळे झालं. त्या दिवशी सगळ्यांत मागची सभासद सगळ्यांत पुढे पोचली, त्यामुळे ते अंतर ग्राह्य धरलेलं नाही.

कोणी म्हणेल, मग या बायका करतात काय. हा प्रश्न मंडळाचा सभासद नसलेला माणूसच विचारू शकतो. आमच्यातल्या एकीचं ऑपरेशन झालं तेव्हा तिच्याकडे बावीस दिवस डबे गेले, आणि बावीस दिवसांत एकच भाजी दोनदा आली नाही, कारण तक्ता आमच्यातल्याच वकीलबाईंनी केला होता. एकीची मुलगी परीक्षेत नापास झाली तेव्हा सत्तेचाळीस जणींनी आपापल्या नापास होण्याच्या हकिगती लिहून पाठवल्या. (त्यात आठ जणी कधीच नापास झालेल्या नाहीत, हे मला माहीत आहे. नोंद घेतलेली नाही.) आणि रविवारी सहा ते आठ या वेळेत एकशे शहाऐंशी बायकांना कोणीही विचारत नाही की मिठाचा डबा कुठे ठेवलाय. एवढं करणारी संस्था वर धावायलाही गेलीच पाहिजे, असा आग्रह धरणं कृतघ्नपणाचं आहे.

आता मूळ विषय.

चौदा महिन्यांपूर्वी बाई पडल्या. तीस वर्षं डोंगराने त्यांना ओरखडा काढला नव्हता. न्हाणीघराने एका सकाळी खुबा मोडला. इस्पितळात आम्ही सगळ्या भेटायला गेलो. (एका वेळी दोघी, असा तिथला नियम आहे. आम्ही एकोणचाळीस होतो.) बाई उशीला टेकून बसल्या होत्या.

"चालायचं आता राहिलं," बाई म्हणाल्या. "पण घरी माझ्या खोलीच्या खिडकीतून टाकी दिसते. रविवारी वर पोचलात की टॉवेल हलवा. मला कळेल, सगळ्या पोचल्या."

"नक्की, बाई," आम्ही म्हणालो. एकोणचाळीस जणींनी एकदम म्हटलं, त्यामुळे नर्सने आम्हाला बाहेर काढलं.

पुढच्या रविवारी आम्ही पायथ्याशी जमलो आणि प्रश्न उभा राहिला. आजवर शेवटची म्हणजे बाई. बाई नाहीत, तर शेवटची कोण? त्या दिवशी घाईघाईने एका शिवणक्लासवाल्या काकूंच्या खांद्यावर टॉवेल टाकला. पन्नास पावलांवर काकू थांबल्या. नियमाप्रमाणे सगळ्यांनी मागे बघितलं, सगळ्या थांबल्या. एकीने काकूंना पाणी दिलं, एकीने पाठीवरून हात फिरवला, त्या पहिल्या वळणाशी आल्या तेव्हा साठ जणींनी टाळ्या वाजवल्या. फोटो निघाला. फोटोत काकू मधोमध होत्या.

त्यानंतरच्या रविवारी गाडीतून उतरतानाच तिघींना धाप लागली होती. त्याच्या पुढच्या रविवारी अकरा जणी बुटांच्या नाड्या बांधायला खाली बसल्या त्या बावीस मिनिटांनी उठल्या, त्याही सहाजणीच. "तुम्ही व्हा पुढे" हे वाक्य त्या सकाळी एकशे चाळीस वेळा उच्चारलं गेलं. कोणी पुढे झालं नाही. विनय इतक्या मोठ्या प्रमाणावर एके ठिकाणी जमलेला मी तरी दुसरीकडे पाहिलेला नाही.

तेव्हा वकीलबाईंनी मंडळाला दिशा दिली. त्या जमिनीच्या वाटण्यांचे दावे चालवतात. एकवीस वर्षांत त्यांचा एकही दावा निकाली निघालेला नाही आणि एकही अशील सोडून गेलेलं नाही. त्या बाकावर उभ्या राहून म्हणाल्या, "मूळ सूचना काय? शेवटची दिसत नसेल तर थांबा. बरोबर? आता, जी ठरलेलीच नाही ती दिसणार कशी? आणि ती दिसत नसताना आपण एक पाऊल जरी टाकलं, तर बाईंच्या शब्दाचा भंग होतो की नाही?"

बाईंचा शब्द मोडायला कोणीच तयार नव्हतं.

"कोणाची हरकत?" दंतवैद्यबाईंनी विचारलं. त्या आता अध्यक्ष आहेत. घड्याळात सहा वीस झाले होते. मी आकाशाकडे बघितलं.

ठराव क्रमांक तीन: शेवटची रीतसर निवडली जाईपर्यंत डोंगरवाटेवरील धाव स्थगित ठेवण्यात येत आहे. निवड पारदर्शक पद्धतीने व्हावी. तोवर टॉवेल तटस्थ व्यक्तीच्या ताब्यात राहावा.

तटस्थ म्हणून मी ठरले. टॉवेल मी घरी नेला, धुतला, इस्त्री केला आणि कपाटात देवाच्या पुस्तकांशेजारी ठेवला.

अध्यक्षपदासाठी मंडळाला उमेदवार मिळाला नव्हता, दंतवैद्यबाईंना गळ घालावी लागली होती. शेवटचीच्या पदासाठी एक्क्याण्णव अर्ज आले. निवडीसाठी चाचणी ठरली: गाड्या लावायच्या जागेत खडूने आखलेलं शंभर मीटर अंतर धावायचं, जी सर्वांत शेवटी पोचेल ती विजयी. उभं राहायला बंदी. नियम सात (अ) प्रमाणे दोन्ही पाय तीस सेकंदांपेक्षा जास्त काळ जमिनीला टेकलेले नसावेत. नियम सात (ब) प्रमाणे मागे जाणं हे पुढे जाणं समजलं जाणार नाही. (हा नियम पहिल्या फेरीनंतर घालावा लागला. दोघी गेटबाहेर गेल्या होत्या.)

इथून मंडळाच्या प्रशिक्षणाला खरं वळण मिळालं. मंदगती शिबिरं झाली. एक फिजिओथेरपिस्ट मुलगी येऊन एका पायावर तोल कसा धरायचा ते शिकवून गेली. सभासद घरी गॅसपासून टेबलापर्यंत सराव करू लागल्या. दोन कुटुंबांनी लेखी तक्रार केली. नव्या आलेल्या बायकांना वेग मारण्यासाठी आठ आठवड्यांचा कार्यक्रम देण्यात आला. एका कॉलेजातल्या पोरीला, सांगूनही तिने न ऐकता शंभर मीटर अठरा सेकंदांत पार केल्यामुळे, समुपदेशनासाठी पाठवावं लागलं. ती पुन्हा आली नाही. अशा मुलींचं पुढे काय होतं, कोण जाणे. बहुधा त्या कुठेतरी पोचतात.

अंतिम फेरीला दोघी उरल्या: दंतवैद्यबाई आणि माझी जाऊ. दंतवैद्यबाईंना पेशंटना थांबवून ठेवण्याचा व्यवसायातला अनुभव होता. माझ्या जावेला अनुभव नव्हता, पण जिद्द होती.

मी एकदा तिला विचारलं. संध्याकाळ होती, ती ओट्याशी कणीक मळत एका पायावर उभी होती.

"तुला कशाला गं हवंय ते पद? तू तर आमच्यात सगळ्यांत जोरात धावायचीस. बाई म्हणायच्या, हिच्या मागे राहायला मला खोटं दमावं लागत नाही."

तिने पाय बदलला. "ताई, मी घरात सगळ्यांच्या मागून जेवते. बरोबर? सगळ्यांच्या मागून झोपते. गाडीत सगळे बसले की कुलूप लावून मागून मी पळत येते, आणि वर ऐकून घेते, किती उशीर. एकवीस वर्षं शेवटची आहे मी. टाळ्या वाजवल्यात कोणी? मागे वळून तरी बघितलंय?"

"नाही."

"तिथे एकशे पंच्याऐंशी जणी थांबतात. मला ते हवंय. एक रविवार तरी." मग ती हसली. "आणि तुम्ही वाढून घ्या आता, तुम्ही जेवल्याशिवाय मला बसता येत नाही."

हे इतिवृत्तात घेतलेलं नाही, कारण त्यावर ठराव मांडता येत नव्हता. मी वाढून घेतलं.

गेले नऊ रविवार अंतिम फेरी सुरू आहे. दोघी शेवटच्या रेषेपासून एक हात अंतरावर आहेत. आठ वाजता सगळ्यांना घरी जायचं असतं, म्हणून खडूने दोघींच्या पावलांच्या खुणा करतात आणि पुढच्या रविवारी तिथूनच चालू करतात. मधल्या काळात कोणी गाडी लावून खुणा पुसू नये यासाठी उपसमिती आहे. बाईंना आम्ही दर रविवारी न चुकता फोटो पाठवतो. फोटो पायथ्याचे असतात, पण डोंगर मागे पूर्ण येतो.

गेल्या गुरुवारी सकाळी मी बाईंकडे दूध द्यायला गेले. बाईंना माझा नेम माहीत आहे. मी असले की त्या दोघींचं बोलतात. त्या खिडकीशी खुर्चीत होत्या. खिडकीच्या चौकटीत टाकी अगदी स्पष्ट दिसत होती, बाजूची शिडीसुद्धा.

"ये. बस. गुडघा बरा आहे ना? बरा आहे म्हणतेस. बरं, एक सांग, टाकीला लाल रंग दिलाय का कोणी?"

मी मान हलवली.

"नाही ना? मग टॉवेल दिसायला हवा. दर रविवारी साडेसहाला बसते मी इथे. काही दिसत नाही गं. दोनदा नंबर बदलून घेतला चष्म्याचा. तो डॉक्टर म्हणतो, आजी, तुमची नजर माझ्यापेक्षा चांगली आहे. अशानेच दवाखाने चालतात यांचे." त्यांनी चष्मा काढून पदराने पुसला. "तुमची काही चूक नाही. तुम्ही हलवत असालच. या रविवारी जरा दोन्ही हातांनी हलवायला सांग. सोमवारी मुलगा न्यायला येतोय मला, त्याच्या गावी. कायमचंच. त्याच्या खिडकीतून समोरची गच्ची दिसते म्हणे."

भिंतीवरच्या घड्याळात सातला दोन मिनिटं कमी होती. अठरा वर्षांत मौनाचा इतका उपयोग मला कधी झाला नव्हता. मी दुधाची पिशवी पातेल्यात ठेवली, त्यांच्या पायांना हात लावला आणि बाहेर आले. जिना उतरून रस्त्यावर आले तेव्हा सात वाजून गेले होते. वर परत जाऊन खरं सांगता आलं असतं. त्याचीही नोंद नाही.

बाई चालल्याची बातमी मी गटात टाकली. सहा मिनिटांत रडक्या चेहऱ्यांची दोनशे चित्रं आली. शनिवारी संध्याकाळी दंतवैद्यबाईंच्या दवाखान्यात तातडीची बैठक झाली. (अध्यक्ष पेशंटच्या खुर्चीत; इतर उभ्या.) ठराव क्रमांक तीस: बाईंना रविवारी अकरा वाजता सभागृहात हृद्य निरोप देण्यात यावा. सभासदांच्या वाटचालीवर चित्रफीत दाखवावी. स्मृतिचिन्ह म्हणून लाल टॉवेल काचेच्या चौकटीत बसवून भेट द्यावा.

संध्याकाळ होती. मला बोलता येत होतं. ही सोय मी सहसा वापरत नाही.

"बाई उद्या साडेसहाला खिडकीत बसणार आहेत," मी म्हटलं. "टॉवेल बघायला."

"अहो, म्हणूनच तर चौकट," दंतवैद्यबाई म्हणाल्या. त्यांच्या डोळ्यांत खरंच पाणी होतं. "खिडकीतच टांगता येईल. समोर. मग रोज दिसेल."

"त्या वर हलवलेला बघायचा म्हणतायत. टाकीपाशी."

मग वकीलबाई समजुतीने म्हणाल्या, "इच्छा सगळ्यांचीच आहे हो. पण शेवटची ठरल्याशिवाय जायचं कसं? एक हातावर आलंय. पुढच्या महिन्यात नक्की."

"एकटी कोणी गेली तर?"

वकीलबाईंनी चष्मा वर सरकवला. त्यांना प्रश्न आवडला, हे दिसलं. "एकटी गेली तर तीच पहिली आणि तीच शेवटची. टॉवेल तिच्याच खांद्यावर. नियमात बसतं." त्यांनी पर्समधून वही काढली. "पण मग तिच्यासाठी थांबणार कोण? मंडळाचा उद्देशच राहत नाही. मी हे अभ्यासासाठी घेते."

"कोणाची हरकत?" अध्यक्षांनी विचारलं.

"माझी," मी म्हटलं.

मी हळू बोलते. खोलीत त्याच वेळी चौकटीची लाकडी पट्टी की सोनेरी, यावर चर्चा सुरू झाली होती. ठराव एकमताने मंजूर झाला. सकाळी दहापर्यंत टॉवेल चौकटवाल्याकडे पोचवण्याची जबाबदारी माझ्यावर आहे. मी पोचवेन. दहा ही वेळ सोयीची आहे.

आज रविवार. प्रार्थना झाली आहे. इतिवृत्त पूर्ण करून निघावं म्हणून बसले होते, पाच वाजून दहा मिनिटं झालीत. टॉवेलची इस्त्री मोडून खांद्यावर टाकला आहे. नाड्यांना दोन गाठी मारल्यात. चौदा महिन्यांत मी बाईंच्या जिन्याखेरीज काही चढलेलं नाही, तेव्हा वरपर्यंत पोचेन की दुसऱ्या वळणावर बसेन, ते सांगता येत नाही. जावेच्या खोलीत दिवा लागलाय. ती तिच्या खडूच्या खुणांकडे जायला निघेल. तिच्या दाराला मी बाहेरून हळूच एकदा टकटक केलंय. काही बोलायचं नाही, म्हणून कारण सांगितलेलं नाही. फाटकापाशी पाच मिनिटं थांबेन, मागे वळून बघेन. बाईंनी तेवढंच सांगितलं होतं.

आणि वाचक भगिनींनो, बंधूंनो, एवढं वाचायला तुम्हाला जितका वेळ लागला, तितक्यात पायथ्यापासून पहिलं वळण येतं. बुटांचं नाव काय, हे तुम्ही विचाराल याची मला कल्पना आहे. तुमचंही कोणीतरी कुठल्यातरी खिडकीत बसून, आपलीच नजर गेली असं समजून चष्मा पुसत असेल, आणि त्यांना तुम्हीही कधीतरी "नक्की" म्हणाला असाल. मंडळात तुमचं स्वागत आहे. अर्ज भरायची गरज नाही, तुम्ही आधीपासून सभासद आहात. फक्त एक नियम लक्षात ठेवा. टॉवेल माझ्या खांद्यावर आहे, म्हणजे शेवटची मी. माझ्या मागे कोणी असेल तर ती व्यक्ती धावतच नाही, वाचते आहे.

सातपर्यंत मी कोणाशी बोलणार नाही. कडी आवाज न करता काढली आहे.